‘आम्ही नाही का सोडून दिलं?’ असं कोरियन मैत्रिणीला म्हणण्याआधी

पत्र

प्रिय ताई,

मी मूळची साताऱ्याची. पुण्यात जपानी शिकले आणि आता टोकियोत एका आयटी कंपनीत आहे. टीममध्ये माझ्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत. एक इथलीच, सुमिदा भागातली. दुसरी कोरियाची, बुसानची. दुपारचं जेवण तिघींचं एकत्र.

15 ऑगस्टला मी बेसनाचे लाडू करून नेले. ओबोनच्या सुट्ट्यांमुळे ऑफिस अर्धं रिकामं होतं. मी म्हटलं, आज आमचा स्वातंत्र्यदिन. बुसानची हसून म्हणाली, ‘आमचाही.’ सुमिदाची म्हणाली, ‘आमच्याकडे आज दुपारी युद्धात गेलेल्यांसाठी मौन पाळतात.’ मग कुठून कुठे गेलं कळलंच नाही. एक म्हणाली, ‘ज्यांना तुम्ही मारलंत त्यांच्यासाठी कधी पाळता?’ दुसरी म्हणाली, ‘आम्ही किती वेळा माफी मागायची? माझी आईसुद्धा तेव्हा जन्मली नव्हती.’ वातावरण निवळावं म्हणून मी मध्ये पडले. म्हटलं, ‘अगं, आमच्यावर इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य केलं. आम्ही नाही का सोडून दिलं? जुनी मढी कशाला उकरायची!’

त्या दिवसापासून बुसानची डबा घेऊन एकटी बसते. माझ्याशी कामापुरतं बोलते. सुमिदाची मात्र ‘तू मला समजून घेतलंस’ म्हणून माझे आभार मानून गेली, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतंय. आमचे एक वयस्क साहेब तर म्हणाले, ‘तुमच्याच न्यायमूर्ती पालांनी आम्हाला निर्दोष ठरवलं होतं.’ मला उत्तर सुचलं नाही.

माझं काय चुकलं? दोघींना समोरासमोर बसवून मिटवून टाकू का? चुसोकच्या सणाला बुसानच्या मैत्रिणीनं मला घरी बोलावलं होतं, तिची आजी नव्वदी पार आहे. आता जायचं की नाही?

— एक वाचक, टोकियो

उत्तर

मन दुखवायला तू बोलली नाहीस, हे पत्रावरून दिसतंय. तिलाही ते बहुधा कळलं असेल. तरी ती दूर गेली, कारण तिच्या घरातल्या दुःखाचा निकाल तू परस्पर लावून टाकलास, आणि तोही आपल्या देशाचा दाखला देऊन. त्यातून तो दाखला खराही नाही.

आपण कुठे सोडून दिलंय? 2013 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरून अमृतसरला गेले, जालियनवाला बाग ही लाजिरवाणी घटना होती म्हणाले, पण माफी मागितली नाही. आपल्याकडे लगेच चर्चा सुरू झाली की हे पुरेसं नाही. 2019 मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा थेरेसा मे यांनी संसदेत खेद व्यक्त केला. पुन्हा तेच, खेद नको, माफी हवी. कोहिनूरचं नाव निघालं की साताऱ्यातल्या कट्ट्यावरही आवाज चढतो. आपल्याला राग येतो तो योग्यच आहे. फक्त मैत्रिणीला सांगताना तो तू लपवलास.

जालियनवाला 13 एप्रिल 1919 ला घडलं. त्यानंतर दोनच दिवसांनी, 15 एप्रिल 1919 ला, सोलच्या दक्षिणेला जेआम-री नावाच्या खेड्यात जपानी सैनिकांनी गावातल्या पुरुषांना चर्चमध्ये बोलावलं, दारं बंद केली, गोळ्या घातल्या आणि चर्च पेटवून दिलं. वीसहून जास्त माणसं गेली. त्याआधी 1 मार्चला कोरियन लोकांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला होता, देशभर निःशस्त्र मोर्चे निघाले होते, त्याची ही शिक्षा. यू ग्वान-सुन नावाची शाळकरी मुलगी त्याच चळवळीत पकडली गेली आणि पुढच्या वर्षी सोलच्या सोदेमुन तुरुंगात मरण पावली. तिचं वय होतं 17. तुझी मैत्रीण 1 मार्चची सुट्टी लहानपणापासून पाळत आली आहे, आणि ही नावं तिला आपल्याला भगतसिंग ठाऊक असतात तशीच ठाऊक आहेत. आपल्या आणि त्यांच्या इतिहासात इतकी जवळची गोष्ट होती. तुझ्या हाताशी तीच यायला हवी होती.

आता फरकही नीट समजून घे, कारण ‘आमच्यावरही राज्य केलं’ या एका वाक्यात तो बुडून जातो. इंग्रज समुद्र ओलांडून आले आणि परत गेले. बुसानहून जपानचा किनारा मात्र बोटीनं काही तासांवर आहे. 1905 मध्ये जपाननं कोरियाचा परराष्ट्र कारभार ताब्यात घेतला, 1910 मध्ये देशच खालसा केला, आणि पुढची 35 वर्षं कोरियन माणसाला हळूहळू जपानी करून टाकण्याचा घाट घातला. 1940 मध्ये फर्मान निघालं की घराण्यांनी जपानी पद्धतीची आडनावं नोंदवावीत. कागदावर ते ऐच्छिक होतं. पण नाव न बदलणाऱ्यांच्या मुलांना शाळेत आणि थोरांना कचेरीत इतका त्रास झाला की सहा महिन्यांत जवळजवळ 80 टक्के घरांनी नावं बदलली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळ्या जपून ठेवणारा हा समाज. कुणी आपल्या घरी येऊन म्हणावं की उद्यापासून तुम्ही शिंदे नाही, पाटील नाही, हे घ्या नवीन आडनाव, आणि पोराला शाळेत त्याच नावानं हाक मारली जाईल.

भाषेचंही तेच. शाळांमधून कोरियन हद्दपार होत गेली. 1942 मध्ये कोरियन भाषेचा शब्दकोश तयार करणाऱ्या मंडळींनाच पोलिसांनी उचललं. त्यातले दोघे विद्वान कोठडीत मरण पावले. वर्षानुवर्षं जमवलेलं हजारो पानांचं हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झालं आणि हरवलं. देश मोकळा झाल्यावर सप्टेंबर 1945 मध्ये ते सोलच्या रेल्वे स्टेशनवरच्या गोदामात सापडलं, आणि त्यावरून पुढे कोश छापला गेला. याच्या जरा आधी, 1932 ते 1938 मध्ये, पुण्यात दाते आणि कर्वे ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड एकामागून एक काढत होते. तेही गुलामगिरीतच, पण शब्दकोश करतो म्हणून त्यांना कुणी तुरुंगात टाकलं नाही. इंग्रजांनी कमी लुटलं असं मला म्हणायचं नाही. बंगालचा दुष्काळ आठवला तरी पुरे. पण लुटीची जातच वेगळी होती, आणि ‘आम्ही सोडलं, तुम्हीही सोडा’ म्हणायला जी बरोबरी लागते ती इथे नाही.

युद्ध पेटल्यावर तर लाखो कोरियन पुरुषांना जपानच्या खाणींत, कारखान्यांत नेलं. कुणाला नोकरीचं आमिष दाखवून, कुणाला सक्तीच्या भरतीनं. आणि बायकांना, त्यातल्या किती तरी कोवळ्या मुलींना, जपानी सैन्याच्या छावण्यांजवळच्या कुंटणखान्यांत. या बायका पुढे जवळजवळ अर्धशतक गप्प राहिल्या. 14 ऑगस्ट 1991 ला किम हाक-सुन नावाची बाई सोलमध्ये पत्रकारांसमोर बसली आणि आपल्या नावानिशी, आपल्या चेहऱ्यानिशी बोलली. ती का बोलली, तर त्याच्या आदल्या वर्षी जपान सरकारच्या अधिकाऱ्यानं संसदेत सांगितलं होतं की हे खासगी दलालांचं काम होतं, सरकारचा संबंध नाही. ते ऐकून तिला राहवलं नाही. पुढच्याच जानेवारीपासून सोलच्या जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी निदर्शनं सुरू झाली. कोरियात अशा 240 जणींची सरकारदरबारी नोंद झाली. आज त्यातल्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत.

आता सुमिदाच्या मैत्रिणीकडे ये. तिच्यावर रागावू नकोस, आणि तिनं मानलेले आभार टोचतात म्हणून तिला टाळूही नकोस. ती काही नाकारत नाहीये. तिच्या घरात युद्ध म्हणजे वेगळीच गोष्ट आहे. 9 आणि 10 मार्च 1945 च्या मधल्या रात्री अमेरिकी विमानांनी नेमका तिचाच भाग जाळला. लाकडी घरं, दाट वस्ती, आणि नदीकडे धावलेली माणसं पाण्यातही वाचली नाहीत. एका रात्रीत सुमारे एक लाख मेले. त्या भागातल्या घरांत आजीनं सांगितलेलं युद्ध हे असतं. आग, भूक, बाबांचा न परतलेला भाऊ. पीडित म्हणून वाढलेल्या माणसाला कुणी अचानक ‘तुम्ही मारलंत’ म्हटलं, तर तो गांगरतो आणि मग चिडतो. त्यात शाळेत प्राचीन इतिहासापासून सुरुवात करून विसाव्या शतकापर्यंत येईतो वर्ष संपतं, हे माझ्या कित्येक जपानी ओळखीच्यांनी सांगितलंय. आधुनिक इतिहासावर भर देणारा नवा सक्तीचा विषय जपानच्या हायस्कुलांत आला तो 2022 मध्ये. तोवर तुझ्या मैत्रिणीचं शिक्षण होऊन गेलं असणार.

‘किती वेळा माफी मागायची’ हा तिचा प्रश्न खोटा नाही. 1993 मध्ये मुख्य मंत्रिमंडळ सचिव कोनो यांनी या बायकांच्या बाबतीत लष्कराचा हात होता हे कबूल करून माफी मागितली. 1995 मध्ये पंतप्रधान मुरायामांनी वसाहतवादाबद्दल मागितली. 1998 मध्ये ओबुची यांनी कोरियाचं नाव घेऊन, लेखी, राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांच्यासमोर मागितली. ही सगळी माफी खरी होती असं मी मानते. किम दे-जुंग यांनी ती तशीच घेतली आणि जपानी सिनेमा-संगीतावरची बंदी टप्प्याटप्प्यानं उठवली.

मग अडतं कुठे? एक माफी मागतो आणि दुसरा ती पातळ करतो, इथे अडतं. यासुकुनी देवस्थानात युद्धात मेलेल्या सैनिकांसोबत 1978 मध्ये 14 प्रमुख युद्धगुन्हेगारांचीही स्थापना केली गेली, आणि तिथे पंतप्रधान कोइझुमी 2001 ते 2006 दर वर्षी गेले, आबे 2013 मध्ये गेले. 2007 मध्ये आबे मंत्रिमंडळानं सांगितलं की बायकांना लष्करानं बळजबरीनं ओढून नेल्याचा थेट पुरावा कागदपत्रांत सापडलेला नाही. आता ज्या बाईनं चारचौघांत तोंड उघडलं, तिला हे ऐकून काय वाटलं असेल? तिला आपणच खोटारडे ठरल्यासारखं वाटलं. 2015 मध्ये आबे म्हणाले की पुढच्या पिढ्यांवर माफी मागत राहण्याची वेळ येऊ नये. तुझ्या सुमिदाच्या मैत्रिणीच्या बोलण्यात त्याचाच सूर आहे, आणि तिच्या तोंडी तो मला समजतो. सत्तेवरच्या माणसाच्या तोंडी तो तितका सहज पटत नाही.

पैशाची गोष्टही तुला ठाऊक हवी, कारण ऑफिसात ती कधी तरी निघणारच. 1965 मध्ये दोन्ही देशांनी करार केला. जपाननं 30 कोटी डॉलर अनुदान आणि 20 कोटी डॉलर कर्ज दिलं, आणि सगळे दावे पूर्णपणे व कायमचे मिटले असं लिहून घेतलं. जपानी माणूस म्हणतो की कराराला करार म्हणा, आणि ते चूक नाही. पण तेव्हा कोरियात लष्करी उठावातून सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांची राजवट होती. वाटाघाटींविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा 1964 मध्ये सोलमध्ये मार्शल लॉ लावला गेला. व्यक्तींची भरपाई आम्ही बघून घेऊ, असं कोरियन सरकारनंच टेबलावर सांगितलं होतं, हे जुनी कागदपत्रं 2005 मध्ये खुली झाल्यावर लोकांना कळलं. पैसा पोहांगच्या पोलाद कारखान्यात आणि महामार्गांत गेला. सक्तीनं नेलेल्या आणि तिकडेच मेलेल्यांपैकी काही हजारांच्या वारसांना सत्तरच्या दशकात 3 लाख वॉन मिळाले, जिवंत परतलेल्यांना तेव्हा काहीच नाही. देश उभा राहिला हे खरं, पण ज्यांच्या नावानं पैसा आला ते बाहेरच राहिले.

2015 मध्ये पुन्हा तेच. बायकांच्या प्रश्नावर दोन सरकारांनी डिसेंबरमध्ये तडजोड जाहीर केली. जपान 100 कोटी येन देणार आणि विषय ‘अंतिम आणि अपरिवर्तनीय’ रीतीनं संपणार. त्या वृद्ध बायकांना विचारलं होतं का? नीट विचारलं नव्हतं, हे पुढे कोरियन सरकारच्याच तपासणीत निघालं. बऱ्याच जणींनी पैसे घेतले, काहींनी धुडकावले, आणि तीन वर्षांत ते पैसे वाटण्यासाठी काढलेली संस्थाच गुंडाळावी लागली. 30 ऑक्टोबर 2018 ला कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयानं एका जपानी पोलाद कंपनीला चार जुन्या मजुरांना भरपाई द्यायला सांगितलं, तेव्हा चौघांतला एकच जिवंत होता, वय 94. त्यावरून 2019 मध्ये जपाननं चिप बनवायला लागणाऱ्या तीन रसायनांची निर्यात आवळली, कोरियात जपानी बिअर आणि कपड्यांवर बहिष्कार पडला. 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष यून यांनी तोडगा काढला की ती भरपाई कोरियन निधीतूनच द्यायची. राजनैतिक दृष्ट्या वातावरण निवळलं खरं. पण ज्यांचा दावा होता त्यातल्या काहींनी तेव्हा तो पैसा नाकारला, आणि मला त्यांचं म्हणणं कळतं. कारखान्यानं राबवून घेतलेल्या माणसाला त्या कारखान्याकडूनच काही तरी यायला हवं होतं.

इतकं सगळं तुला का सांगितलं? 1965 असो, 2015 असो, 2023 असो, तडजोड टिकली नाही किंवा अर्धवट टिकली, कारण जिनं भोगलं तिला न विचारता ती झाली. आणि 15 ऑगस्टला लाडवांच्या डब्यापाशी तूही नकळत तेच केलंस. तिच्या वतीनं विषय मिटवलास. म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम नाही असं आहे. दोघींना समोरासमोर बसवू नकोस. ती आणखी एक परस्पर तडजोड होईल, आणि तू मध्यस्थ झालीस की दोघींना तुझ्यासाठी तोंडदेखलं हसावं लागेल.

बुसानच्या मैत्रिणीला एकटीला गाठ. मेसेज नको, प्रत्यक्ष. ऑफिसची जागा टाळ. लांबण लावू नकोस. ‘मी तुझ्या वतीनं बोलले, तो माझा अधिकार नव्हता. आणि आमच्याकडेही कुणी काही सोडलेलं नाही. मी खोटं बोलले.’ एवढंच म्हण आणि थांब. लगेच जालियनवाला-जेआम-रीची माहिती तिच्यापुढे ओतू नकोस, नाही तर ती तुझी समजूत काढत बसेल. ती विचारेल तेव्हा सांग. ती काहीच बोलली नाही तरी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी ‘जेवायला येतेस?’ म्हणून विचार, आणि नाही म्हणाली तर तोंड पाडू नकोस.

सुमिदाच्या मैत्रिणीशी मात्र वेगळं बोलायचंय. ती तुला आपल्या बाजूची समजतेय. तिला ते खरं नाही हे सांगायला हवं, पण माफीचा विषय काढून नव्हे. तिच्या आजीबद्दल विचार. 10 मार्चच्या रात्रीबद्दल विचार, मनापासून ऐक. मग तिच्यासोबत तिच्याच भागातल्या योकोआमिचो बागेत जा. र्‍योगोकु स्टेशनवर उतरलं की सुमोच्या स्टेडियमपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. ती तिथे लहानपणी शाळेतर्फे गेलेलीही असेल. 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपानंतर लोक सामानसुमान घेऊन याच मोकळ्या जागेत जमले होते आणि आगीच्या वावटळीत सुमारे 38,000 जण इथेच होरपळले. त्यांच्या अस्थी तिथल्या स्मृतिमंदिरात आहेत, आणि 1945 च्या बॉम्बहल्ल्यात मेलेल्यांच्याही. सगळ्या मिळून दीड लाखाहून जास्त माणसांच्या.

त्याच बागेत बाजूला एक साधा दगड उभा आहे, 1973 मध्ये बसवलेला. तो त्याच भूकंपानंतर मारल्या गेलेल्या कोरियन लोकांसाठी आहे. आग विझायच्या आधीच अफवा उठली की कोरियन विहिरींत विष टाकताहेत. गल्लोगल्ली टोळ्या उभ्या राहिल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून ‘15 येन 50 सेन’ हे जपानीत म्हणायला लावायचे. उच्चार अडखळला की तो कोरियन, आणि तिथेच बांबूच्या भाल्यांनी, लोखंडी आकड्यांनी मारायचे. पोलीस आणि सैनिकही त्यात होते. किती मेले याचा सरकारनं धड हिशेब केला नाही, पण हजारोंच्या घरात. दर 1 सप्टेंबरला त्या दगडापाशी लोक जमतात. टोकियोचे गव्हर्नर तिथे श्रद्धांजलीचा संदेश पाठवत असत. 2017 पासून गव्हर्नर कोइके युरिको यांनी तो पाठवणं थांबवलं. सगळ्या मृतांना एकत्र श्रद्धांजली वाहते, वेगळी कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला हे मनापासून खटकतं. भूकंपात मेलेला आणि भूकंपातून वाचल्यावर शेजाऱ्यानं मारलेला, हे दोघे एका ओळीत कसे बसवायचे?

तिला तिथे काही समजावू नकोस. आधी स्मृतिमंदिरात जा, तिच्या माणसांसाठी हात जोड, मग त्या दगडापाशी थांब. तिला वाचू दे. आणि एक गोष्ट तिला जरूर सांग, कारण तिला आधाराची गरज आहे. तो दगड जपानी नागरिकांनी पुढाकार घेऊन उभारलेला आहे. कोरियन क्रांतिकारकांची वकिली करणारे फुसे तात्सुजी जपानी होते. दक्षिण कोरियानं 2004 मध्ये त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. बायकांच्या छावण्यांत लष्कराचा हात होता हे दाखवणारे कागद 1992 मध्ये लष्करी दफ्तरातून शोधून काढणारे योशिमी योशिआकी जपानी इतिहासकारच. म्हणजे जपानी असणं आणि हे सगळं मान्य करणं यांत भांडण नाही. तिच्या आधी तिच्याच देशातल्या माणसांनी ती वाट चालून ठेवली आहे. तिनं स्वतः कुणाला मारलेलं नाही, तिच्याकडून माफीची अपेक्षा कुणी करू नये. बुसानच्या मैत्रिणीचं ‘तुम्ही मारलंत’ हे ‘तुम्ही’ मलाही रुचलं नाही, आणि तुमची गाडी रुळावर आली की तूच ते तिला एकदा सांगू शकशील. आत्ता नको.

कोरियन जेवायला शिन-ओकुबोला जात असशील, तर स्टेशनच्या जिन्याजवळ एक पाटी आहे, जपानी आणि कोरियन अशा दोन्ही भाषांत. 26 जानेवारी 2001 ला फलाटावरून रुळांवर पडलेल्या माणसाला वाचवायला ली सू-ह्यॉन हा कोरियन विद्यार्थी आणि सेकिने शिरो हे जपानी छायाचित्रकार खाली उतरले आणि तिघंही गेले. ली बुसानला वाढलेला. तुझ्या मैत्रिणीला तो नक्की माहीत असेल. हे मी तुला रडायला लावायला सांगत नाही. नुसतं भांडणच आहे असं समजू नयेस म्हणून सांगते.

साहेबांचं आता. न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं नाव जपानमध्ये प्रत्येक भारतीयाला कधी ना कधी ऐकवलं जातं. यासुकुनीच्या आवारात 2005 मध्ये त्यांचं स्मारकही उभारलंय. युद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत युद्धगुन्ह्यांचा खटला चालला, त्यातले ते एक न्यायाधीश. 1948 च्या निकालपत्रात त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष म्हटलं हे खरं. पण ते कशावरून? जिंकलेल्यांनी मागाहून केलेल्या कायद्यानं हरलेल्यांचा न्याय करायचा का, हा त्यांचा मुद्दा होता. जपानी सैन्यानं अत्याचार केले याचा पुरावा जबरदस्त आहे, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. आणि मुख्य म्हणजे कोरियातल्या 35 वर्षांच्या राजवटीचा हिशेब त्या खटल्यात झालाच नाही. तेव्हा पालांची साक्ष इथे काढून उपयोग नाही. साहेबांना इतकंच म्हण, ‘पालांनी अत्याचार नाकारले नव्हते, साहेब. आणि अंदमानातलं आम्हालाही आठवतं.’ सेल्युलर जेल म्हटलं की आपल्याला इंग्रजच आठवतात. पण 1942 ते 1945 ते जपान्यांच्या ताब्यात होतं. नेताजींनी डिसेंबर 1943 मध्ये पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, आणि त्यानंतर महिनाभरात, 30 जानेवारी 1944 ला, जपान्यांनी हम्फ्रीगंजला 44 भारतीयांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. या दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. रवींद्रनाथांचं जपानवर प्रेम होतं, तरी 1929 मध्ये त्यांनी कोरियासाठी लिहिलेल्या चार ओळी तिथल्या शाळकरी मुलांना अजून माहीत असतात. आवाज चढवू नकोस, वाद वाढवू नकोस. ते साहेब आहेत, तुझा व्हिसा त्या कंपनीवर आहे, हे मी विसरलेली नाही. पण गप्प बसून मानही डोलवू नकोस.

राहिलं बुसान. आमंत्रण तिनं दिलं होतं, तेव्हा ते मोडायचं की नाही हे तिनं ठरवायचं. तू आपणहून ‘आता मी येत नाही’ असं कळवलंस तर पुन्हा तिच्या वतीनं निर्णय घेतल्यासारखं होईल. ‘तुला चालणार असेल तर मला यायचंय’ असं साधं विचार. चुसोकला घरोघरी पितरांची पूजा असते, सकाळची वेळ घरच्यांची असते, तेव्हा तिच्या आईला आधी विचारून घे. आणि आजी नव्वदीपुढच्या आहेत म्हणजे 1945 च्या आधी त्यांनी थोडीबहुत शाळा पाहिली असणार, जिथे कोरियन बोललं की शिक्षा व्हायची. त्यांना जपानी कळत असण्याची दाट शक्यता आहे. तुला कोरियन येत नाही, त्यांना इंग्रजी येत नसेल, आणि सोय म्हणून तुझ्या तोंडून पटकन जपानी निघेल. ते होऊ देऊ नकोस. कोरियन नमस्कार, जेवण छान झालं, आभारी आहे, एवढं आधी पाठ करून जा. बाकीचं मैत्रिणीला सांगू दे. आजी स्वतःहून तुझ्याशी जपानीत बोलल्या, तर मग खुशाल उत्तर दे, आणि त्या जे सांगतील ते ऐकून घे.

— तुझी ताई